बाबांची बंदरं: एका सुकाण्याची पोस्टकार्डं

सुकाणकन्या

माझे बाबा मर्चंट नेव्हीत सुकाणी होते. गाव गुहागर तालुक्यातलं. १९५८ साली मुंबईहून खलाशी म्हणून पहिल्यांदा बोटीवर चढले, ऐंशीच्या दशकात टिंडेल, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे दुय्यम मुकादम, होऊन उतरले. मधली बहुतेक वर्षं सुकाणावर गेली. गेल्या वर्षी ते गेले आणि त्यांचा पोस्टकार्डांचा साठा माझ्याकडे डोंबिवलीला आला. त्याबद्दल जाणकारांशी बोलायचं आहे, म्हणून हा धागा.

कार्डं एका पिशवीत आहेत. हॅच, म्हणजे बोटीतल्या मालाच्या कोठाराचं तोंड, झाकायच्या ताडपत्रीचा तुकडा घेऊन त्यांनी स्वतः शिवलेली, तोंडाला दोरी ओवलेली. आत सुतळीने बांधलेले गठ्ठे. प्रत्येक गठ्ठ्यावर कागदाची पट्टी आणि पट्टीवर बोटीचं नाव, चढल्याची तारीख, उतरल्याची तारीख. म्हणजे एक गठ्ठा म्हणजे एक फेरी. गठ्ठ्यातली कार्डं ज्या क्रमाने बंदरं लागली त्याच क्रमाने आहेत. अॅडन, पोर्ट सैद, जेनोआ, मार्सेय, लंडन, रॉटरडॅम, हॅम्बुर्ग. दुसऱ्या गठ्ठ्यात कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग, कोबे, योकोहामा. काळ्या समुद्राचे गठ्ठे वेगळे: ओदेसा, कॉन्स्टान्झा, वार्ना.

टपालाने आलेली कार्डं थोडी. बहुतेकांवर तिकीटच नाही, कारण कार्ड टाकलं तर ते गावी पोचेपर्यंत कधी कधी बोटच मुंबईला लागायची. पण न टाकलेल्या कार्डांच्या मागेही बाबांनी लिहिलं आहे. बारीक, गिचमिड, शिसपेन्सिलीने. हॅम्बुर्गच्या एका कार्डामागे आहे ते जसंच्या तसं देते:

"तिसरा दिवस. धुकं. क्रेन बंद. दुपारी टिंडेलबरोबर गावात गेलो. हिच्यासाठी निळी लोकर घेतली. रात्री वॉच बारा ते चार."

एवढंच. वॉच म्हणजे बोटीवरची कामाची पाळी. कार्डाच्या पुढच्या बाजूला लखलखीत उन्हातलं हॅम्बुर्ग आहे, धक्क्यावर झेंडे लावलेल्या पर्यटकांच्या बोटी आहेत. मागे धुकं आणि बंद क्रेन. ती लोकर मी पाहिलेली आहे, आईने तिचा स्वेटर केला होता.

पोर्ट सैदचं एक जुनं कार्ड आहे. समुद्रात घुसलेल्या लांब बांधावर एका माणसाचा प्रचंड पुतळा, हात कालव्याकडे केलेला. मागे बाबांनी लिहिलंय, "पुतळा आता नाही. नुसता चौथरा आहे." तारीख १९५९. रॉटरडॅमची दोन कार्डं आहेत, दोन्हींवर तोच मनोरा, पण एकात बुटका आणि दुसऱ्यात जवळपास दुप्पट उंच. आणि एक कार्ड असं आहे की त्यावर भारताचं पन्नास पैशांचं आंब्यांचं तिकीट आहे आणि शिक्का मात्र परदेशातला. हे कसं शक्य आहे?

आता मूळ प्रश्न. भावाचं म्हणणं, देशांप्रमाणे लावून चांगले अल्बम करू आणि आम्हा भावंडांत वाटून घेऊ. एका विक्रेत्याने फोटो पाहून फक्त १९६५ च्या आधीची कार्डं मागितली आहेत, किंमतही बरी सांगितली. मला काहीच ठरवता येत नाहीये. पावसाळा तोंडावर आहे, काही कार्डांवर तपकिरी ठिपके दिसू लागलेत. काय करावं?

रत्नांग्रीकर

वाचनखूण साठवली. ताई, आधी एकच विनंती, विक्रेत्याला लगेच हो म्हणू नका. इथे तिकिटं-टपाल कोळून प्यायलेले लोक आहेत, ते येऊन लिहितीलच.

तिकीटबाबू

आलोच.

आंब्यांचं तिकीट आणि परदेशी शिक्का, यात गडबड काहीच नाही, उलट तुमच्या साठ्यातलं ते फार मोलाचं कार्ड आहे. शिक्क्याच्या आसपास कुठेतरी 'पाकबो' असा फ्रेंच शब्द रोमन लिपीत छापलेला आहे का बघा. गावाच्या गोल शिक्क्याशेजारी तो बहुधा वेगळ्या आडव्या ठशात असतो.

बोट भरसमुद्रात असताना ती ज्या देशाचा झेंडा लावून चालते त्या देशाची तिकिटं टपालाला चालतात. जागतिक टपाल संघाच्या १८९१ च्या व्हिएन्ना परिषदेत हे ठरलं. भारतीय बोटीवर बाबांनी कार्ड लिहिलं, भारतीय तिकीट चिकटवलं आणि बोटीवरच्या टपालाच्या पिशवीत टाकलं. पुढचं बंदर लागलं की ती पिशवी तिथल्या पोस्टात जायची. परदेशी पोस्टाने आपलं तिकीट ओळखून घ्यावं म्हणून तो 'पाकबो'चा ठसा. बोट धक्क्याला लागलेली असताना टाकलेल्या टपालाला मात्र त्या देशाचंच तिकीट लावावं लागायचं. म्हणून त्या एका शिक्क्यावरून सांगता येतं की कार्ड लिहिलं तेव्हा तुमचे बाबा पाण्यावर होते. गावाचं नाव वाचता येतंय का?

पोर्ट सैदचा पुतळा फर्डिनांड द लेसेप्सचा. सुएझ कालवा १८६९ साली खुला झाला, तो ज्याने खणवून घेतला तो हा. पुतळा १८९९ मध्ये उभारला. १९५६ च्या सुएझ युद्धात ब्रिटिश-फ्रेंच फौजा माघारी गेल्या आणि त्याच डिसेंबरात तो सुरुंग लावून पाडला गेला. चौथरा मागे राहिला. म्हणजे बाबा १९५९ साली तिथून गेले तेव्हा त्यांना दिसला तो रिकामा चौथरा आणि हातात आलं ते पुतळा असलेलं कार्ड. जुन्या कार्डांच्या बाबतीत हे पक्कं ध्यानात ठेवा, फोटो काढल्याचं साल, छापल्याचं साल आणि विकत घेतल्याचं साल ही तीन वेगवेगळी असू शकतात. फोटोवरून वय ठरवणारे विक्रेते इथेच फसतात. तुमच्या बाबांनी मागे लिहून ठेवलंय, त्यामुळे तुमच्यापाशी तिसरं साल आहे, आणि तेच कुठे मिळत नाही.

रॉटरडॅमचा मनोरा म्हणजे युरोमास्ट. १९६० मध्ये बांधला तेव्हा १०१ मीटर होता. १९७० साली वर आणखी एक भाग चढवून तो १८५ मीटर केला. बुटका मनोरा असलेलं छायाचित्र १९७० च्या आधीचं, हे निश्चित.

सुकाणकन्या

तिकीटबाबू, भिंग घेऊन बसले. तो शब्द आहे! गोल शिक्क्याच्या उजवीकडे, जांभळ्या शाईत, जरा तिरपा उठलेला. गोल शिक्क्यात 'लास पाल्मास' वाचता येतंय, म्हणजे स्पेनच्या कॅनरी बेटांवरचं बंदर, सालाचे शेवटचे आकडे ६८ असावेत. मागे मजकूर आहे: "केप ओलांडून आठवडा झाला. जमीन नाही. दोन दिवस उडते मासे डेकवर पडतायत. भंडाऱ्याने तळले. बाळीला सांग, आफ्रिकेला मोठा वळसा घातला." भंडारी म्हणजे बोटीवरचा आचारी, बाळी म्हणजे मी.

बाणकोटकर

सुकाणकन्या, हे वाचताना माझ्या आजोबांचा आवाज ऐकू आला. तेही याच काळात बोटीवर सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे प्रमुख, होते. बाणकोट, दाभोळ, श्रीवर्धन, हर्णै, जयगड, या किनाऱ्यावर एक घर असं दाखवा जिथला कोणी बोटीवर गेला नाही.

तो वळसा का, ते सांगतो. जून १९६७ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटलं आणि सुएझ कालवा बंद झाला, तो थेट जून १९७५ मध्ये उघडला. आठ वर्षं. मुंबई ते लंडन सुएझमार्गे सुमारे ६,२०० सागरी मैल, केप ऑफ गुड होपला वळसा घातला की १०,७०० च्या आसपास. त्या काळच्या चौदा नॉटच्या मालबोटीला जाताना जवळपास दोन आठवडे जास्त आणि येताना तेवढेच. घरच्यांसाठी याचा अर्थ काय ते माझी आजी सांगायची: पैसे येत होते, माणूस येत नव्हता.

आता तुमच्या गठ्ठ्यात एक गोष्ट शोधा. १९६७ ते ७५ या काळातल्या फेऱ्यांत केप टाउन किंवा डर्बनचं कार्ड आहे का? माझा अंदाज, नसणार. भारताने वर्णद्वेषी धोरणाच्या निषेधार्थ १९४६ सालीच दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला होता. आपल्या पासपोर्टवरसुद्धा दक्षिण आफ्रिका वगळल्याचा शिक्का असे. भारतीय झेंड्याची बोट आफ्रिकेचं टोक डोळ्यांनी बघत जायची, पण तिथे लागायची नाही. आजोबा टेबल माउंटनचं वर्णन अगदी रंगवून करायचे आणि शेवटी म्हणायचे, पाय नाही लावला. तुमच्या साठ्यात जे कार्ड नाही त्यालाही हा इतिहास आहे. कार्डं देशांप्रमाणे लावलीत तर ही रिकामी जागा कुणाला दिसणारच नाही, कारण त्या देशाचं पानच नसेल. फेरीप्रमाणे ठेवलीत तर मुंबईनंतर एकदम लास पाल्मास येतं आणि वाचणारा थबकतो, मधे एवढे दिवस ही बोट होती कुठे?

आणखी एक. मुंबईत मशीद बंदरला इंडियन सेलर्स होम आहे. तिथे पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून जास्त हिंदी खलाशांचं स्मारक आहे. त्यांना कबर नाही, चिता नाही, म्हणून नावं तिथे. जमलं तर एकदा जाऊन या. आपल्या माणसांच्या हातचं लिहिलेलं फार थोडं उरलंय. जी कार्डं आहेत ती जपायलाच हवीत.

सुकाणकन्या

बाणकोटकर, आत्ताच सगळे गठ्ठे पाहिले. केप टाउन नाही, डर्बन नाही. मॉरिशसचं पोर्ट लुई आहे, मग लास पाल्मास.

वेंगुर्लेकार

माझ्या आजोबांची पत्र्याची पेटी अजून माळ्यार आसा. उद्या उघडून बघतलंय.

जुनीपानं

मी ग्रंथालयात जुन्या कागदांच्या जतनाचं काम करते. पावसाळा तोंडावर आहे म्हणून आधी घाईचं सांगते.

लॅमिनेशन करू नका. आपल्याकडे मौल्यवान कागद दिसला की लोक पहिले लॅमिनेशनच्या दुकानात जातात, त्याने कागद कायमचा गेला असं समजा. उष्णतेने चिकटलेला थर पुन्हा निघत नाही. चिकट रेघांची पानं आणि वर पारदर्शक पापुद्रा असलेले जुने लग्नाचे अल्बमही नकोत, तो डिंक पाठीवरची पेन्सिल घेऊन येतो. सेलोटेप तर मुळीच नको. पीव्हीसीचे पाऊच वासावरून ओळखता येतात, नव्या रेनकोटसारखा वास येतो. ते टाळा. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरचे पाऊच घ्या, एका पाऊचमध्ये एक कार्ड, म्हणजे दोन्ही बाजू हात न लावता वाचता येतात.

तपकिरी ठिपके दमटपणामुळे येतात. ते पुसायला, ब्लीच करायला जाऊ नका. कार्डं पंख्याखाली कोरड्या खोलीत मोकळी ठेवा, उन्हात नाही. मग आम्लविरहित कागदाच्या खोक्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून. पुड्या अधूनमधून बदला. कसर लागू नये म्हणून आपल्याकडे पोथ्यांच्या बासनात वेखंड ठेवायची पद्धत होती, तीही चालेल, फक्त वेखंड कापडाच्या पुरचुंडीत बांधा, थेट कार्डांना टेकवू नका. डांबरगोळ्या नकोत.

चकचकीत फोटोकार्डं एकमेकांना चिकटली असतील तर ओढू नका. तशीच बाजूला ठेवा आणि जतनतज्ज्ञाला दाखवा.

सुतळी सोडण्याआधी प्रत्येक गठ्ठ्याचा बांधलेल्या अवस्थेत फोटो काढा. मग प्रत्येक कार्डाच्या मागे कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने क्रमांक: गठ्ठा, मग कार्ड. पेन नको. दोन्ही बाजू ६०० डीपीआयला स्कॅन करा. लोक पुढची बाजू स्कॅन करून थांबतात. तुमच्या बाबतीत पाठ हेच मूळ आहे, पुढची चित्रं जगात इतरत्रही मिळतील.

आणि ती पिशवी आणि त्या पट्ट्या फेकू नका. ताडपत्री वेगळी ठेवा, कार्डांसोबत नाही, पण ठेवा.

अल्बमप्रेमी

मी तीस वर्षं पोस्टकार्डं जमवतो, म्हणून थोडं वेगळं मत मांडतो. देशवार मांडणीत गैर काही नाही. प्रदर्शनात लोकांना तीच कळते. जपानचं पान, रशियाचं पान, बघणाऱ्याला मजा येते. आणि १९६५ च्या आधीची कार्डं विकून आलेल्या पैशांत बाकीच्यांचं चांगलं जतन होत असेल तर तोही विचार व्हावा. घरात पडून कसर लागण्यापेक्षा बरं.

जुनीपानं

अल्बमप्रेमी, तुमचा साठा तुम्ही जमवलात, तो कसा लावायचा हा तुमचा हक्क. पण इथे लावणारा माणूस लावून गेलाय. कागदपत्रांच्या कामात आमचा पहिला नियम हाच असतो, मूळ मालकाने ठेवलेला क्रम मोडायचा नाही. ओदेसाचं एकटं कार्ड बाजारात काही रुपयांना मिळेल. ओदेसाच्या आधी कोणतं बंदर, नंतर कोणतं, बोट कोणती, वॉच कोणता, हे त्या गठ्ठ्यातच आहे. देशवार अल्बम हवाच असेल तर स्कॅनमधून छापून करा, हवे तितके करा. आणि विक्रेत्याला १९६५ च्या आधीचीच का हवीत? कारण त्याला चित्रं विकायची आहेत.

अल्बमप्रेमी

स्कॅनमधून अल्बम, ही सूचना पटली. भावंडांत वाटायचा प्रश्नही त्यानेच सुटेल. प्रत्येकाला छापील अल्बम, मूळ साठा एका घरी.

नीपरकाठ

काळ्या समुद्राच्या गठ्ठ्यांविषयी. मी पुण्यात रशियन शिकलो, पुढे काही वर्षं तिकडे काढली. सोव्हिएत कार्डांची एक गोष्ट फार उपयोगाची आहे. मागच्या बाजूला तळाशी बारीक अक्षरांत किंमत, छापलेल्या प्रतींची संख्या आणि बहुतेक वेळा छपाईला पाठवल्याचं साल असतं. कलाकाराचं किंवा छायाचित्रकाराचं नावही असतं. पाश्चात्त्य कार्डांवर इतकी माहिती क्वचितच मिळते. फोटो टाका, वाचून देतो.

ओदेसाला आपल्या बोटी इतक्या का जायच्या? १९५६ च्या करारानंतर भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात नियमित बोटसेवा सुरू झाली, व्यवहार रुपयांत व्हायचा. इकडून चहा, ताग, मसाले, चामडं, तिकडून यंत्रं आणि पोलादाचं सामान. तुमच्या गठ्ठ्यात बंदरावरून वर चढत जाणाऱ्या रुंद पायऱ्यांचं कार्ड नक्की असणार. त्या पोटेमकिन पायऱ्या. १९२ आहेत. वर पोचलं की ड्यूक रिशलयचा पुतळा. खालून बघितलं तर नुसत्या पायऱ्या दिसतात, वरून बघितलं तर नुसते मधले सपाट टप्पे दिसतात, अशी रचना आहे. धक्क्यावरून गावात जायची ती वाट, म्हणजे बाबा त्या चढले असणार यात मला शंका नाही. आज त्या शहरावर युद्धाचं सावट आहे, त्यामुळे ही कार्डं बघायला मन धजत नाही आणि बघितल्याशिवाय राहवतही नाही.

सुकाणकन्या

नीपरकाठ, पायऱ्यांची कार्डं आहेत, वेगवेगळ्या सालांची. एकामागे बाबांनी लिहिलंय, "एकशे ब्याण्णव. मोजल्या." आणि दुसऱ्या फेरीच्या कार्डावर, "पुन्हा मोजल्या. तेवढ्याच." स्कॅन झाले की इथे टाकते.

मांडवीचो

गोव्याकडूनही थोडी भर. आमचे लोक बहुतेक सलूनवर असायचे, म्हणजे स्टुअर्ड, कुक, बटलर, आणि तुमचे कोकणातले लोक डेकवर. मुंबईत धोबीतलाव, डाबूल भागात गोव्यातल्या गावांचे 'कूड' होते, काही अजून आहेत. एका गावाचा एक कूड. एका फेरीवरून उतरलेला माणूस दुसरी मिळेपर्यंत तिथे राहायचा. भिंतीला लागून पेट्यांच्या रांगा, एका टोकाला वेदी, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोजरी म्हणायची. माझ्या वडिलांची कार्डं त्या पेटीतच राहायची. नवीन पोरगा पहिल्यांदा चढणार असला की जुने लोक पेटी उघडून कार्डं दाखवत सांगायचे, हे बंदर असं, इथे थंडी अशी, इथे पाकीट सांभाळ. कार्डं फक्त आठवणीसाठी नव्हती, शिकवायला पण होती. ताई, तुमच्या बाबांनी थंडीबद्दल, भावांबद्दल लिहिलंय ते कुणाला तरी सांगण्यासाठीच असणार.

इंजिनरूम

सध्या कंटेनर बोटीवर थर्ड इंजिनियर आहे, रात्रीच्या वॉचनंतर हा धागा वाचून काढला. इथे मुद्दाम लिहितोय, कारण पुढच्या पिढीकडे असा साठा का नसणार ते समजायला हवं.

सुकाणकन्यांनी दिलेलं हॅम्बुर्गचं टिपण बघा. "तिसरा दिवस." जनरल कार्गोच्या काळात पोती, पेट्या, गाठी सगळं स्लिंगने चढायचं-उतरायचं. बोट बंदरात आठवडा, कधी पंधरा दिवस पडून राहायची. पाऊस आला की हॅच बंद, काम थांबलं, माणसं गावात. १९५६ मध्ये अमेरिकेत 'आयडियल एक्स' ही बोट ५८ कंटेनर घेऊन निघाली आणि पुढच्या दोन दशकांत सगळं पालटलं. आज आमचं बंदरातलं वास्तव्य तासांत मोजतात. त्यातही टर्मिनल शहरापासून दूर. रॉटरडॅमला मी कितीदा गेलो, युरोमास्ट एकदाही जवळून पाहिला नाही, कारण आम्ही लागतो मासव्लाक्तेला आणि ते गावापासून चाळीसेक किलोमीटर समुद्राकडे आहे. २००४ मध्ये बंदर-सुरक्षेचे आंतरराष्ट्रीय नियम आले, तेव्हापासून काही ठिकाणी गेटबाहेर पडणंच मुश्किल. करोनात तर चार लाखांच्या आसपास खलाशी करार संपूनही बोटींवर अडकले होते, बंदरं समोर दिसत असून उतरता येत नव्हतं.

सीमेन्स क्लबात अजून कार्डं मिळतात, तिथले स्वयंसेवक तिकीटही लावून देतात. मी आजवर घेतलं नव्हतं. पुढच्या बंदरात क्लबची गाडी आली तर घेणार आहे आणि मागे वॉचची वेळसुद्धा लिहिणार आहे.

तिकीटबाबू

इंजिनरूम, नक्की लिहा, आणि शक्य असेल तर भरसमुद्रात लिहून बोटीच्या झेंड्याच्या देशाचं तिकीट लावा. पाकबोची सोय अजून आहे.

कालवा बंद झाल्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. १९६७ मध्ये ग्रेट बिटर लेक या कालव्यातल्या तळ्यात आठ देशांच्या चौदा बोटी अडकल्या, त्या १९७५ पर्यंत. वाळवंटाच्या वाळूने पिवळ्या झाल्या म्हणून त्यांना यलो फ्लीट म्हणत. तिथल्या खलाशांनी स्वतः तिकिटं काढली, हाताने छापली, आणि ती लावलेली पाकिटं जगभर पोचली. संग्राहक आज ती शोधत फिरतात. अडकून पडलेल्या माणसालाही टपाल पाठवावंसं वाटतं, याचा माझ्या मनावर फार परिणाम झालेला आहे.

काळाघोडा

थोडं उलट्या दिशेने. आपले लोक परदेशातून कार्डं आणायचे तशीच मुंबईला उतरलेले परदेशी खलाशी इथली कार्डं घेऊन जायचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या म. वि. धुरंधरांनी मुंबईतल्या माणसांची चित्रं पोस्टकार्डांसाठी काढली, पारशी, कोळीण, मोलकरीण, पोलीस. कोल्हापूरचा माणूस, जे. जे.चा विद्यार्थी आणि पुढे तिथलाच अध्यापक. ती कार्डं युरोपातल्या कितीतरी घरांत बोटीवरच्या माणसांनीच पोचवली असणार.

जिथे आज महाराष्ट्र पोलिसांचं मुख्यालय आहे ती इमारत मुळात रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम, १८७६ साली पूर्ण झाली, एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सच्या हातची. ती गोऱ्या खलाशांसाठी होती. तिचं चित्र असलेली कार्डं भरपूर मिळतात. मशीद बंदरच्या हिंदी खलाशांच्या होमचं कार्ड मी अजून पाहिलेलं नाही. कुणाकडे असेल तर जरूर दाखवा.

सुकाणकन्या

सगळ्यांचे मनापासून आभार. भावाशी बोलले, त्याने धागा पूर्ण वाचला. क्रम मोडायचा नाही, विकायचं नाही, स्कॅनवरून तिघांना तीन अल्बम. विक्रेत्याला तसं कळवलं. पाऊच मागवलेत. बाबांची सीडीसी, म्हणजे नोकरीची नोंदवहीही सापडली आहे, त्यातल्या बोटी आणि तारखा पट्ट्यांशी जुळवत चालले आहे. सिंदिया या जहाज कंपनीच्या बोटींची नावं 'जल'ने सुरू होतात आणि शिपिंग कॉर्पोरेशनच्या बऱ्याच बोटींची 'विश्व'ने, त्यामुळे अर्धवट पुसलेली नावंही लागत आहेत.

एक कार्ड मात्र अडलंय. समोर गावाचं नाव नाही. नदीच्या दोन्ही काठांवर लोखंडी उंच मनोरे, वर एक आडवी तुळई, पण तिच्यावर रस्ता नाही. तुळईला तारांनी लोंबकळणारी एक खोली, पाण्यापासून थोडी वर, तिच्यात माणसं आणि एक मोटार. दोन्ही काठांना चार-पाच मजली इमारती अगदी पाण्यापर्यंत. बाबांनी मागे एवढंच लिहिलंय, "पूल चालतो. आम्ही खालून गेलो." ते पट्टी नसलेल्या सुट्या कार्डांत होतं.

इंजिनरूम

ट्रान्सपोर्टर पूल. असा एक इंग्लंडमध्ये मिडल्झ्बरोला आहे, १९११ चा. कोळसा-पोलादाचं बंदर, भारतीय बोटी तिथे जायच्या.

काळाघोडा

मिडल्झ्बरोच्या काठांना त्या काळी कारखाने आणि गोद्या, चार-पाच मजली घरं पाण्यापर्यंत नाहीत. वर्णनावरून हा स्पेनमधल्या बिल्बाओजवळचा विझकाया पूल वाटतो. १८९३ मध्ये बांधलेला, या जातीचा जगातला पहिला. पोर्तुगालेते आणि लास आरेनास या दोन गावांना जोडतो. उंच डोलकाठ्यांच्या बोटी खालून जाव्यात म्हणून तुळई पंचेचाळीस मीटरवर. बिल्बाओच्या बंदरात नदीतून आत जायचं तर या पुलाखालूनच जावं लागे. आज तो युनेस्कोच्या वारसा यादीत आहे.

तिकीटबाबू

पडताळा सोपा आहे. स्पेनमध्ये १९५८ पासून छापील मालावर कायदेशीर नोंदणीचा क्रमांक टाकावा लागतो. कार्डाच्या मागे, मधल्या रेषेजवळ किंवा तळाशी 'डेपोसितो लेगाल' आणि पुढे एक अक्षर नि आकडे आहेत का बघा. रोमन बी असेल तर ते बिल्बाओचं समजू नका, ते बार्सिलोनाचं. बरीच कार्डं तिथे छापली जात.

सुकाणकन्या

आहे! मधल्या रेषेवर उभं छापलेलं, इतकं बारीक की मी ती रेषाच समजत होते. बी आणि मग आकडे. म्हणजे स्पेन.

आणि सीडीसीत त्या काळात स्पेनला गेलेली फेरी एकच बसते, लास पाल्मासचं पाकबो कार्ड ज्या गठ्ठ्यात आहे तीच. पोर्ट लुई, लास पाल्मास, मग हे, मग लंडन. क्रमांक टाकून त्या जागी ठेवते. उद्यापासून पहिला गठ्ठा, १९५८ चा, स्कॅनला घेते. नीपरकाठ, ओदेसाची कार्डं पुढच्या रविवारी.